विसरलेले, पण कोणी?

पश्चिम कॅनडातल्या ओसाड जागांच्या छायाचित्रांची पुस्तके आता इतकी झाली आहेत की त्यांना एक स्वतंत्र प्रकार मानायला हरकत नाही. अल्बर्टा आणि सॅस्कॅचवानच्या सपाटीवरची उठून गेलेली गावे, ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांतली खाणगावे, छप्पर कोसळलेली चर्चे, रुळ उखडलेली स्थानके. गेली काही वर्षे मी ही पुस्तके आणि प्रदर्शनांच्या पुस्तिका आवडीने पाहत आले आहे. हळूहळू त्यातले संकेत पाठ झाले. प्रकाश बहुधा तिरपा, संध्याकाळचा. आकाशाने चौकटीचा दोन तृतीयांश भाग व्यापलेला. गवत गुडघाभर. काच फुटलेल्या खिडकीतून दिसणारे दुसरे रान. माणूस मात्र कुठेच नाही. आणि शीर्षकात किंवा प्रस्तावनेत हमखास येणारा एक शब्द : विसरलेले. विसरलेली गावे, विसरलेले रस्ते, विसरलेला पश्चिम.

या एका शब्दाविषयी मला लिहायचे आहे. मराठीत 'विसरलेला माणूस' म्हटले की क्षणभर थांबावे लागते. तो माणूस काही विसरला आहे, की लोक त्याला विसरले आहेत? आपले धातुसाधित विशेषण दोन्ही अर्थ पोटात ठेवते आणि निवाडा वाक्यावर सोपवते. इंग्रजी शब्दात ही अडचण नाही. तिथे विसरला गेलेला तेवढा दिसतो. विसरणारा कर्ता आधीच गाळलेला असतो. छायाचित्रांच्या या प्रकारातही तेच घडते. कर्म समोर, उत्तम उजेडात; कर्ता चौकटीबाहेर. त्या कर्त्याला चौकटीत आणण्याचे काम छायाचित्र एकटे करू शकत नाही. ते चित्राखालच्या ओळीला करावे लागते. म्हणून या पुस्तकांची समीक्षा करताना चित्राइतकेच त्याखालच्या ओळीकडे पाहायला हवे, असे मला वाटते.

सर्वांत परिचित चित्रापासून सुरुवात करू. सपाटीवरचा धान्याचा एलिव्हेटर म्हणजे रुळांच्या कडेला उभे असलेले उंच, निमुळत्या खांद्यांचे लाकडी कोठार. शेतकऱ्याने गाडीतून आणलेला गहू आतल्या बादल्यांच्या पट्ट्याने वर चढवायचा, कप्प्यांत साठवायचा आणि वरूनच मालगाडीच्या डब्यात सोडायचा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव. घोडागाडीला दिवसभरात जाऊन परत येता यावे म्हणून रेल्वेमार्गावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकेक थांबा आणि थांब्यापाशी एलिव्हेटर. १९३०च्या दशकात सपाटीच्या तीन प्रांतांत मिळून असे साडेपाच हजारांहून अधिक एलिव्हेटर होते. आज लाकडी म्हणावेत असे काही शेकडाच उरले आहेत, आणि त्यांतलेही बरेच वापरात नाहीत.

छायाचित्रांत हे एलिव्हेटर म्हाताऱ्यासारखे दिसतात. रंग उडालेला, किंचित कललेले. ओळी लिहिणारे काळाचे नाव घेतात : काळाने गाव मागे टाकले, काळ बदलला. वास्तविक इथे काळाचा हात फार थोडा आहे. १८९७ मध्ये क्रोज नेस्ट खिंडीतून रेल्वे नेण्यासाठी सरकारने कॅनडियन पॅसिफिक कंपनीला अनुदान दिले आणि बदल्यात सपाटीवरचे धान्य पूर्वेकडे नेण्याचे भाडे कमी ठेवण्याचा करार केला. हा 'क्रो दर' शेतकऱ्याच्या अर्थकारणाचा कणा होता. १९८३च्या कायद्याने त्याची जागा सरकारी अनुदानाने घेतली आणि १९९५ मध्ये ते अनुदानही संपले. पुढे फाट्यांवरचे लोहमार्ग परवडेनासे झाले, ते उखडले गेले, कंपन्यांनी मोठमोठी सिमेंटची कोठारे मोजक्या ठिकाणी बांधली आणि लाकडी एलिव्हेटर पाडले. गावातले पोस्ट, दुकान आणि शाळा आधीपासूनच चांगल्या रस्त्यांमुळे आणि वाढत्या शेतांमुळे डळमळत होती. आता त्यांचा उरलासुरला आधारही गेला. म्हणजे या ओसाडीला तारखा आहेत, कायदे आहेत, ताळेबंद आहेत. तिला ऋतुमानासारखे दाखवणे सुंदर असेल, अचूक नाही.

छायाचित्रकारांवर एक अन्यायही होऊ नये. पाडापाडीच्या वर्षांत अनेक गावांचे एलिव्हेटर कोसळण्यापूर्वी कोणी टिपून ठेवले असतील, तर ते याच हौशी माणसांनी. थंडीत, चिखलात, शेकडो किलोमीटर गाडी हाकून. ती चित्रे उद्याच्या अभ्यासकाला लागणार आहेत. माझे म्हणणे इतकेच की दस्तऐवज आणि शोकगीत यांत फरक आहे, आणि यातली बरीच पुस्तके पहिल्याचे श्रम करून दुसऱ्याचे श्रेय घेतात.

हा फरक जपणारी कामे याच प्रदेशात आहेत. ओरेस्ट सेम्चिशेन हे पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर. १९७०च्या दशकात त्यांनी अल्बर्टातल्या बायझँटाइन पद्धतीच्या चर्चांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. ही चर्चे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ लागलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांची. कांद्याच्या आकाराचे घुमट, गव्हाच्या शेतात. सेम्चिशेन यांची चित्रे हळवी होत नाहीत. इमारत समोरून, सरळ, तिच्या पूर्ण उंचीनिशी दिसते. जणू ती तपासणीसाठी उभी आहे. डॅनी सिंगर यांची पद्धत याहून वेगळी. सपाटीवरच्या लहान गावाच्या मुख्य रस्त्याने ते पावलापावलावर चित्रे घेत जातात आणि ती जोडून एक लांबलचक पट्टी करतात. वर अवाढव्य आकाश, तळाशी दुकानांची एक बारीक ओळ. एका नजरेत कधीच न दिसणारे गाव त्यात एकाच वेळी दिसते. त्यात बंद दुकान आहे आणि शेजारी चालू दुकानही आहे, दारासमोर गाडी उभी आहे. गाव मेलेले नाही, आखडलेले आहे, हे ती पट्टी न सांगता सांगते. ओसाडीच्या पुस्तकांत हे चालू दुकान सहसा नसते. चौकट थोडी डावीकडे सरकवून ते गाळलेले असते.

चौकट सरकवण्याचा हा खेळ फक्त कॅमेऱ्याचा नाही. सॅस्कॅचवानच्या नैऋत्य कोपऱ्यात, सायप्रस हिल्सच्या पायथ्याशी, ईस्टएंड नावाचे गाव आहे. वॉलेस स्टेग्नर या अमेरिकन कादंबरीकाराचे बालपण, १९१४ ते १९२०, तिथे गेले आणि १९६२ मध्ये त्यांनी त्यावर 'वुल्फ विलो' हे पुस्तक लिहिले. इतिहास, कथा आणि आठवण यांचे मिश्रण. ज्या मातीवर आपण वाढलो तिचा इतिहास शाळेत कोणी शिकवला नाही, ही त्यांची खंत. तो इतिहास शोधताना ते १८७३च्या उन्हाळ्यापर्यंत जातात, जेव्हा अमेरिकेतून आलेल्या लांडगेमारूंनी याच टेकड्यांत नकोडा लोकांची वस्ती गोळ्या घालून मोडली. पुस्तक मोठे आहे आणि ओसाड जागांविषयीच्या नंतरच्या बऱ्याच गद्याची ते गंगोत्री आहे.

पन्नास वर्षांनी, २०१२ मध्ये, कँडेस सॅव्हेज यांनी त्याच गावातून 'अ जिऑग्रफी ऑफ ब्लड' लिहिले. सॅव्हेज ईस्टएंडला आल्या त्याच मुळी स्टेग्नर यांच्या जुन्या घरात राहायला; ते घर आता लेखक-कलावंतांना मुक्कामासाठी देतात. त्या स्टेग्नर यांच्याशी आदराने भांडतात. स्टेग्नर यांच्याकडे मूळ रहिवाशांची गोष्ट सीमेवरच्या जुन्या पर्वाबरोबर मिटते. सॅव्हेज विचारतात की ती मिटली म्हणजे नेमके काय झाले? गव्याचे कळप संपल्यावर हजारो क्री आणि नकोडा लोक फोर्ट वॉल्शच्या आसऱ्याला जमले होते. सरकारने शिधा आवळला आणि १८८३ मध्ये तो किल्लाच बंद केला, कारण हे लोक या टेकड्यांतून निघून उत्तरेकडच्या राखीव जमिनींवर जावेत असे त्याला हवे होते. टेकड्या रिकाम्या झाल्या नाहीत, रिकाम्या केल्या गेल्या. मग रेल्वे, मग शेतकरी, मग एलिव्हेटर. म्हणजे संध्याकाळच्या उजेडात एकाकी उभा असलेला एलिव्हेटर हा त्या जमिनीवरचा पहिला विसर नव्हे, दुसरा आहे. पहिल्यासाठी छायाचित्रात काहीच दिसत नाही. गवत दिसते. आणि गवताला खाली ओळ नसते.

पॅसिफिक किनाऱ्यावर हाच प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तिथे पाहण्यासारखे बरेच काही उभे होते. भूगर्भशास्त्रज्ञ जॉर्ज मर्सर डॉसन यांनी १८७८ मध्ये, आज हाइडा ग्वाई म्हणतात त्या बेटांवरच्या गावांची छायाचित्रे घेतली : समुद्राकडे तोंड केलेली मोठी लाकडी घरे आणि त्यांच्यासमोर देवदाराचे कोरीव स्तंभ. त्याआधी सोळा वर्षे, १८६२ मध्ये, व्हिक्टोरियातून पसरलेल्या देवीच्या साथीने या किनाऱ्यावरची माणसे भयानक संख्येने मारली होती. वाचलेल्यांनी गावे एकत्र केली, मागे स्तंभ राहिले. १९१२ मध्ये चित्रकार एमिली कार तिथे गेल्या. हे स्तंभ नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद करायची, हा त्यांचा स्पष्ट हेतू होता. ती चित्रे त्यांनी प्रांताच्या सरकारला देऊ केली. सरकारने घेतली नाहीत. ओळख मिळायला १९२७ उजाडावे लागले. आज त्या कॅनडाच्या सर्वांत लाडक्या चित्रकारांपैकी आहेत.

कार यांच्या प्रतिभेविषयी मला शंका नाही. त्यांचे जंगल हे नुसते दृश्य नाही, श्वास घेणारी वस्तू आहे. पण हाइडा आणि त्सिमशियान वंशाच्या अभ्यासक मार्शा क्रॉस्बी यांनी १९९१ मध्ये घेतलेला आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. 'नष्ट होत चाललेले' असे ज्यांना म्हटले गेले ती माणसे तर जिवंत होती, जवळच्याच गावांत होती, मासेमारीच्या कारखान्यांत कामाला होती. शोक करणाऱ्याने मृत्यू आधीच गृहीत धरला. हा आक्षेप कार यांच्यापेक्षा आजच्या छायाचित्रकारांना जास्त लागू पडतो. कार निदान त्या माणसांच्या नावांनिशी लिहीत होत्या. त्यांचे 'क्ली विक' (१९४१) हे पुस्तक वाचले की ते कळते. शीर्षक हेच मुळी तिथल्या लोकांनी त्यांना दिलेले नाव आहे, 'हसणारी' या अर्थाचे. आणि त्या पुस्तकाचे पुढे काय झाले? १९५१ मध्ये शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीतून मिशनऱ्यांवर टीका करणारे भाग कापले गेले. अर्धशतक वाचकांनी कापलेलेच पुस्तक वाचले. विसरण्याला कात्री लागते, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

याच बेटांच्या दक्षिण टोकाला स्गँग ग्वाय आहे. १९८१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात त्याचे एक पान असते. शेवाळलेले, कललेले, करड्या पडलेल्या लाकडाचे स्तंभ. १९५० च्या दशकात त्यांतले काही उतरवून संग्रहालयांत नेले. उरलेल्यांविषयी हाइडा लोकांची भूमिका अशी की त्यांना जमिनीकडे परत जाऊ द्यावे. थोडी डागडुजी, थोडा आधार. पण लाकूड अखेर कुजणार आणि त्याने कुजावे. उन्हाळ्यात हाइडा पहारेकरी तिथे राहतात आणि पाहुण्यांना सोबत घेऊन फिरवतात. म्हणजे ज्या चित्राखाली 'विसरलेले' असे लिहितात, ते काढताना छायाचित्रकाराच्या शेजारी त्या गावाची आठवण सांगणारा माणूस उभा असतो. इथे पडझड ही दुर्लक्षाची खूण नाही, निर्णय आहे. छायाचित्राला दुर्लक्ष आणि निर्णय यांतला फरक दाखवता येत नाही. दोन्हींचे शेवाळ सारखेच हिरवे.

नावाचेही असेच. या गावाला व्यापाऱ्यांनी तिथल्या प्रमुखाच्या नावावरून, तेही उच्चार मोडून, निन्स्टिंट्स म्हटले आणि नकाशांवर दीर्घकाळ तेच छापले गेले. एका माणसाचे नाव गावाला चिकटले आणि गावाचे नाव बाजूला पडले. या नियतकालिकाच्या वाचकांना यातली गोम समजावून सांगायला नको. आपण सगळेच दोन-तीन लिप्यांत नावे बदलताना पाहत वाढलो आहोत.

इथून मला माझ्या मुख्य म्हणण्याकडे येता येते. पश्चिम कॅनडाच्या या पुस्तकांत 'विसरलेले' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो : इंग्रजीत न आठवलेले. बॅन्फ हे पर्यटकांचे लाडके गाव. त्याच्या उशाशी बँकहेड आहे. १९०३ ते १९२२ या काळात तिथे कोळशाची खाण होती. खाण बंद झाली तेव्हा घरेसुद्धा उचलून इतरत्र नेली गेली, पाये राहिले. खाणीत कामाला असलेल्या चिनी मजुरांची वस्ती गावापासून वेगळी, खाणीच्या टाकाऊ कोळशाच्या ढिगांकडे होती. त्यांच्या परसात लावलेला रुबार्ब अजून उगवतो. पायांची छायाचित्रे मी असंख्य पाहिली आहेत, रुबार्बचे एखादेच. उत्तरेकडे बार्करव्हिलमध्ये, १८६०च्या दशकातल्या सोन्याच्या धावपळीच्या गावात, चिनी वस्ती मोठी होती आणि तिने आपल्या हिशेबांचे, संस्थांचे कागद आपल्या भाषेत ठेवले. ज्याला ती अक्षरे वाचता येत नाहीत त्याला ती भिंतीवरची नक्षी वाटते. युक्रेनियन दफनभूमीतल्या सिरिलिक अक्षरांचे तेच, आणि न्यू डेन्व्हरच्या जपानी अक्षरांचेही तेच.

न्यू डेन्व्हर, सँडन, कास्लो, स्लोकन, ग्रीनवुड ही ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांतली जुनी खाणगावे. त्यांतले सँडन या प्रकारातले तारांकित गाव : चांदीची भरभराट, १९००ची आग, मग घसरण, १९५५चा पूर. चित्राखालच्या ओळीत चांदी असते, वीज असते, हॉटेले आणि जुगार असतो. पण १९४२ मध्ये सरकारने किनाऱ्यावरच्या सुमारे बावीस हजार जपानी कॅनडियनांना घरांतून उठवले आणि त्यांच्यातल्या अनेकांना नेमके याच ओसाड गावांत आणून ठेवले, कारण ती ओसाड होती. रिकामी घरे उपलब्ध होती. 'भुताचे गाव' हा शब्द इथे प्रशासकीय सोय झाला. त्यांच्या होड्या, शेते, घरे विकून टाकली गेली. १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतू दिले नाही. सरकारची माफी आणि भरपाई १९८८ मध्ये आली.

छायाचित्रणाच्या इतिहासासाठी यातला एक तपशील निर्णायक आहे. १९४२ मध्ये त्यांच्याकडून मोटारी आणि रेडिओबरोबर कॅमेरेही काढून घेतले गेले. म्हणजे सँडनचे जे रूप आज सर्वांत जास्त टिपले जाते, त्या रूपात तिथे राहिलेल्या माणसांना स्वतःची चित्रे काढायला मनाई होती. ओसाड गावाचे छायाचित्र घेण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तिथे तत्त्वचर्चेचा नव्हता, हुकमाचा होता. जॉय कोगावा यांची 'ओबासान' (१९८१) ही कादंबरी या पोकळीतूनच उभी राहते. तिच्यात फोटो आहेत, पत्रे आहेत, कागदांची पुडकी आहेत आणि बोलायचे टाळणारी म्हातारी माणसे आहेत. स्लोकन तिच्यात रम्यही आहे, कारण निवेदिका तिथे लहान होती. आणि तरी तो तुरुंग आहे. ओसाडीच्या छायाचित्रांना ही दुहेरी नजर साधत नाही, कारण त्यांच्याकडे रम्यता एकाच पदरी असते. माझ्या मते सँडनचे सर्वांत चांगले चित्र अजून या कादंबरीतच आहे, आणि ते स्लोकनचे आहे.

मग या प्रदेशात चांगले छायाचित्र कसे असते? मला सी. डी. हॉय यांचे नाव घ्यावेसे वाटते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून ते १९०२ मध्ये कॅनडात आले, बार्करव्हिलमध्ये राहिले आणि पुढे क्वेनेल गावात त्यांनी दुकान थाटले. १९०९ ते १९२० या काळात त्यांनी सुमारे दीड हजार छायाचित्रे काढली. ती पाहण्यासाठी फेथ मूसँग यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेले 'फर्स्ट सन' हे पुस्तक उपयोगी आहे. चिनी मजूर, घोड्यावरचे मूळ रहिवासी, गोरे शेतकरी, लहान मुले, सगळे त्यांच्या एकाच लाकडी भिंतीपुढे किंवा कापडापुढे येऊन उभे राहिले. पैसे देऊन, चांगले कपडे घालून, कॅमेऱ्याकडे सरळ बघत. ज्यांना इतर कॅमेऱ्यांनी नमुने म्हणून टिपले, ते इथे गिऱ्हाईक आहेत. एवढ्या एका फरकाने सगळे बदलते. खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात ऐटीत आहे, कारण तो चित्र घरी नेणार आहे. काही चित्रांना नावे आहेत, काहींना नाहीत. पण नाव नसलेला चेहराही विसरलेला वाटत नाही, तो फक्त ओळख लागायचा बाकी आहे. ओसाड क्वेनेलचे एकही चित्र हॉय यांनी काढले नसते तरी चालले असते. त्यांनी भरलेले क्वेनेल ठेवून दिले.

भारतीय वाचकाला इथे आपल्या जवळची एक जागा सापडते. व्हँकूवर बेटावर डंकन गावाजवळ पालदी आहे. होशियारपूर जिल्ह्यातल्या पालदी गावचे मायो सिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लाकडाची गिरणी काढली आणि गिरणीभोवती वस्ती उभी राहिली. १९१९ मध्ये गुरुद्वारा झाला. आधी या जागेला गिरणीमालकाच्याच नावाने ओळखत. मायो नावाचे दुसरे गाव कॅनडात असल्याने टपालाचा घोळ होई, म्हणून १९३६ मध्ये नाव पालदी झाले. पंजाबी, चिनी, जपानी, युरोपीय कामगारांची मुले एका शाळेत जात. १९४२ मध्ये जपानी कुटुंबे इथूनही उचलली गेली. गिरणी गेली, घरे गेली, रान वाढले. या प्रकारच्या व्याख्येनुसार पालदी हे अस्सल 'विसरलेले गाव' आहे, आणि त्या नावाखाली ते छापलेही जाते.

पण गुरुद्वारा चालू आहे. दिवा लागतो, लंगर होतो, उन्हाळ्यात जोडमेळ्याला दूरदूरची माणसे येतात. होशियारपूरमध्ये मूळ पालदी आहेच. ज्या गावाची आठवण पंजाबीत, घराघरांतल्या फोटोंत, विवाहांच्या गोष्टींत जिवंत आहे, ते गाव विसरलेले कसे? ज्याने ते विसरलेले म्हटले, त्याने फक्त गुरुद्वाऱ्याचा दरवाजा वाजवला नाही. असे दरवाजे न वाजवणे हा या प्रकाराचा दोष आहे. तो नैतिक उपदेशाचा भाग नाही. तो कामातला कच्चेपणा आहे. चार लोकांना न विचारता लिहिलेल्या ओळीला आपण पत्रकारितेत कच्ची म्हणतो, मग इथे का म्हणू नये?

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी. एडमंटनमधले चार्ल्स कॅम्सेल रुग्णालय १९९६ मध्ये बंद पडले आणि मग पडीक इमारतींत शिरणाऱ्या हौशी मंडळींचे ते तीर्थ झाले. अंधारे जिने, फुटक्या काचा, भिंतींवरची रंगवलेली अक्षरे आणि भुतांच्या गोष्टी. १९४६ पासून हे मूळ रहिवाशांसाठीचे वेगळे रुग्णालय होते. उत्तरेकडून क्षयाचे रोगी आणले जात, महिनोन् महिने, वर्षानुवर्षे घरापासून दूर; कित्येक परतले नाहीत. २०२१ मध्ये तिथल्या जमिनीची रडारने पाहणी झाली, संशयास्पद जागा खणल्या, दफन सापडले नाही. जे लोक ती पाहणी पाहायला उभे होते त्यांच्यासाठी ती जागा भुताटकीची नव्हती, चौकशीची होती. भूत ही कल्पना सोयीची आहे. ती भीती देते आणि माहिती मागत नाही. 'झपाटलेले रुग्णालय' या ओळीने जितके खरे गाडले तितके कोणत्याही सरकारी फायलीने गाडले नसेल, असे कधीकधी मला वाटते.

याच्या पलीकडच्या टोकाला अलर्ट बे आहे. तिथली सेंट मायकेल निवासी शाळा १९२९ साली उभी राहिलेली, विटांची, भली मोठी. तिचे अवशेष छायाचित्रकाराला मोह घालणारेच होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये, तिथे शिकलेल्या, तिथून वाचलेल्या माणसांच्या साक्षीने ती पाडायला सुरुवात झाली. वारसाप्रेमी मनाला हे टोचेल. वास्तू तर पुरावा असते. पण पुरावा कोणासाठी जपायचा आणि त्याच्याकडे रोज खिडकीतून कोणाला बघावे लागते, याचा हिशेब बाहेरच्याने करायचा नसतो. शाळेच्या शेजारीच उमिस्टा सांस्कृतिक केंद्र आहे, १९८० मध्ये उघडलेले. पॉटलॅच या दानसोहळ्यावर सरकारने १८८५ पासून बंदी घातली होती. १९२१च्या नाताळात झालेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर माणसांना अटक झाली आणि मुखवटे, ताम्रपट जप्त झाले. ओटावाला पाठवण्यापूर्वी ते मुखवटे चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडले होते. त्या मांडणीचे छायाचित्र आजही आहे. पुढे त्यांतले बरेच मुखवटे परत आले आणि त्यांच्यासाठी हे केंद्र बांधले. लढाईत पकडून नेलेला माणूस घरी परत आला की त्याला क्वाक्वाला भाषेत 'उमिस्टा' मिळाले असे म्हणत. एका भाषेने परत येण्यासाठी वेगळा शब्द ठेवला आहे. छायाचित्रांच्या या पुस्तकांकडे अजून फक्त जाण्याचे शब्द आहेत.

ही पुस्तके निघत राहतील आणि मीही ती पाहत राहीन, कारण त्यांतला उजेड खरा आहे आणि जागा खऱ्या आहेत. माझी मागणी साधी आहे. चित्राखाली जागेचे नाव तिथल्या लोकांच्या भाषेत असावे, भले ते त्यांच्याकडून विचारून घ्यावे लागो. गाव कोणत्या वर्षी, कोणत्या निर्णयाने उठले ते असावे. तिथे आता कोण येते, कधी येते ते असावे. एवढे लिहायला तीन ओळी लागतात. त्या लिहिल्यावर 'विसरलेले' हा शब्द ठेवावासा वाटला तर ठेवावा. बहुतेक पानांवर तो आपोआप गळून पडेल आणि चित्राचे काही बिघडणार नाही.